वाइडबँड एएफआर मीटरचं किट: कार्बोरेटरवाली जिप्सी, ई२० आणि एक फुकट गेलेला सेन्सर

आधीच सांगतो, लांबणार आहे. एएफआर मीटर म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल कुठल्या प्रमाणात जळतंय ते सायलेन्सरमधल्या धुरावरून सांगणारा मीटर. तयार मीटर असता तर चार ओळीत उरकलं असतं, पण मी घेतलं ते किट. एक बोर्ड, त्यावर सेन्सर चालवणारी बॉशची सीजे१२५ चिप आधीच सोल्डर केलेली, सोबत अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), सेन्सरच्या हीटरसाठी मॉस्फेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, छोटा ओलेड डिस्प्ले, मेमरी कार्डाचा स्लॉट आणि स्क्रूची एक पुडी. बाकी डबा, वायरिंग, फ्यूज, सायलेन्सरला भोक पाडणं सगळं आपलं आपण. ऑनलाइन घेतलं, विक्रेत्याचं नाव सांगत नाही कारण थोडी तक्रार पण आहे. किट ६८०० ला पडलं आणि सेन्सर वेगळा, बॉशचा एलएसयू ४.९, तो ७४०० ला. तोही दोनदा घ्यावा लागला, का ते खाली येईलच.

गाडी १९९८ ची जिप्सी, तेराशे सीसी, कार्बोरेटरवाली. फेब्रुवारी २०२३ पासून ठरावीक पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता तर साधं पेट्रोल शोधूनही मिळत नाही. तेव्हापासून गाडी सकाळी चोकशिवाय उभी राहिना, सत्तरच्या स्पीडला हलके झटके आणि जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरला फुल्ल दाबली की वर पोचेपर्यंत मेलेली. इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, थोडंफार सांभाळून घेतो. कार्बोरेटरला काय कळणार पेट्रोलमध्ये काय मिसळलंय, जेटचं, म्हणजे ज्यातून पेट्रोल येतं त्या तोटीचं, भोक आहे तेवढंच राहणार. आमचे मिस्त्रीकाका म्हणाले जेट मोठा टाकू, प्लग पांढरे पडलेत, पेट्रोल कमी पडतंय. मी म्हटलं काका किती मोठा? तर म्हणे टाकून बघू. त्या ‘टाकून बघू’ मुळे हे सगळं सुरू झालं.

साधा लॅम्डा सेन्सर का नको असं बरेच जण विचारतात. तो स्वस्त आहे, पण तो फक्त पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, साधारण ०.४५ व्होल्टच्या इकडे उडी मारतो नाहीतर तिकडे. किती जास्त, किती कमी, ते नाही सांगत. वाइडबँडमध्ये एक छोटी पंपिंग सेल असते, ती ऑक्सिजन आत-बाहेर ढकलून आतल्या पोकळीतलं मिश्रण कायम बरोबर लॅम्डा १ वर (हवा आणि पेट्रोल अगदी पुरेपूर; १ च्या खाली पेट्रोल जास्त, वर पेट्रोल कमी) ठेवते आणि त्यासाठी किती करंट लागला त्यावरून खरा आकडा निघतो. मोकळ्या हवेत हा करंट साधारण २.५४ मिलिअँप यायला पाहिजे, किट जोडल्यावर पहिली टेस्ट हीच करा, गाडीखाली शिरायच्या आधी.

आता सेन्सरबद्दल. पेटीतून काढला की दिसतं, सेन्सरमधून वायरी पाच आणि कनेक्टरला पिना सहा. सहावी कुठंय म्हणून मी पण उलटसुलट करून बघितलं. तर कनेक्टरच्या आतच एक छोटा रेझिस्टर आहे, प्रत्येक सेन्सरसाठी फॅक्टरीत ट्रिम केलेला, तेच त्याचं कॅलिब्रेशन. म्हणून कनेक्टर कापायचा नाही. मी लिहून घ्या म्हणतो, कापायचा नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने पक्कड उचललीच होती, ‘साहेब हे प्लॅस्टिक काढून डायरेक्ट जॉइंट मारतो, लूज होणार नाही’. अहो थांबा थांबा करत धावलो. उलट बाजूचा कनेक्टर किटसोबत येत नाही ही माझी पहिली तक्रार, तो वेगळा मागवायला दहा दिवस गेले.

जोडणी तशी अवघड नाही, पुण्यातल्या तापकीर गल्लीतून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड), पाच अँपिअरचा फ्यूज आणि बरी वायर आणली, एक रविवार गेला. चालू केल्यावर डिस्प्लेवर २८७एफ. किटसोबतच्या कागदावर याचा अर्थच नाही. शोधल्यावर कळलं की याचा अर्थ चिपला सेन्सर सापडत नाहीये, आणि २८५५ आला तर चिपला सप्लाय मिळत नाहीये. माझी एक पिन अर्धवट बसलेली. दाबली, टक् झालं, २८एफएफ आला, म्हणजे सगळं ठीक. एवढे तीन आकडे त्या कागदावर छापायला काय जातं यांचं?

आता फुकट गेलेला सेन्सर. याच्यात चूक शंभर टक्के माझी. हा सेन्सर आतून सिरॅमिक, काम करायला साधारण ७८० डिग्रीला तापावा लागतो, सेलचा रेझिस्टन्स ३०० ओहमला आला की समजायचं तापला. पण थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचलेलं असतं, म्हणून प्रोग्राममध्ये आधी काही सेकंद अगदी कमी व्होल्टेज, मग साडेआठ व्होल्टपासून हळूहळू चढवत न्यायचं असं लिहिलेलं असतं. मला टेस्टिंगला दर वेळी तेवढं थांबायचा कंटाळा. मी त्या ओळी बंद केल्या आणि नंतर चालू करायला विसरलो. पावसाळ्यातली सकाळ, गाडी रात्रभर बाहेर, किल्ली फिरवली, हीटरला डायरेक्ट फुल्ल बारा व्होल्ट. वीस सेकंदात आकडा अडकला तो अडकलाच. सेन्सर काढून हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं. ७४०० रुपयांचा खुळखुळा, घरी सांगितलं नाही अजून.

बसवताना तो बंग, म्हणजे सायलेन्सरला वेल्ड करायचा आट्याचा गोल तुकडा, एम१८ बाय दीडचा, लेथवाल्याकडून करून घेतला, अडीचशे रुपये. डाउनपाइपला मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या, हातभर खाली लावला. सेन्सर उभा किंवा तिरका पाहिजे, आडव्यापासून निदान दहा डिग्री वर, नाहीतर पाणी त्याच्यातच साचणार. वेल्डिंग करताना सेन्सर लावून ठेवू नका, त्याच मापाचा बोल्ट ठेवा म्हणजे आटे वाकत नाहीत, आणि बॅटरीची वायर काढा.

पहिल्या दिवशी आयडलला लॅम्डा १.१५. मी खूष, बघा म्हटलं केवढी लीन, म्हणजे पेट्रोल कमी, चाललीय. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाले, ‘तुमच्या मशीनला सांगा मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय, चकचक ऐकू येतंय.’ खरंच होतं. सेन्सरच्या आधी कुठं लीक असलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर ती पण मोजतो, बिचाऱ्याला काय माहीत. मिसफायर झाला तरी तसंच, न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मीटर लीन दाखवतो, पेट्रोल भरपूर जात असलं तरी. गॅस्केट बदललं, १.०६ वर आला. सीलंट लावणार असाल तर डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलंय का ते बघा, साध्या सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर मरतो.

दुसरी भानगड म्हणजे तीन हजार आरपीएमच्या वर डिस्प्ले गोठायचा. इग्निशनच्या ठिणगीचा इलेक्ट्रिकल नॉइज नॅनोमध्ये शिरत होता. प्लगच्या वायरी रेझिस्टरवाल्या टाकल्या, मीटरची वायर कॉइलपासून लांबून नेली, हीटरचं अर्थिंग इंजिनला आणि बोर्डाचं अर्थिंग वेगळं घेतलं, तेव्हा कुठं शांत झालं.

आणि डिस्प्ले एएफआरवर ठेवू नका, लॅम्डावर ठेवा. मीटर मुळात लॅम्डाच मोजतो, १४.७ हा आकडा तो नुसता गुणून दाखवतो आणि १४.७ (एक भाग पेट्रोलला वजनाने तेवढे भाग हवा) शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलचं प्रमाण ९ च्या आसपास, त्यामुळे ई२० चं खरं प्रमाण साडेतेराच्या जवळपास येतं. म्हणजे स्क्रीनवर १४.७ दिसतंय आणि तुम्ही खऱ्या साडेतेरावर चाललाय. लॅम्डा १ मात्र कुठलंही इंधन टाका, १ च. या किटमध्ये बदलायला प्रोग्राममध्ये एक ओळ आहे, बटण दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता ज्याच्यासाठी घेतलं ते. मेव्हण्याला शेजारी बसवलं आणि जुन्या कात्रज घाटात सकाळी सहाला तिसऱ्या गिअरला फुल्ल थ्रॉटल. कार्ड घरी आणून लॅपटॉपला लावलं. सेकंदाला दहा नोंदी येतात. पहिले सहा सेकंद ०.८८, एकदम मस्त, फुल्ल थ्रॉटलला असंच पाहिजे. सातव्या सेकंदाला ०.९३, मग ०.९९, मग १.०८, आणि तिथेच गाडी मेली. आता जेट लहान असता तर पहिल्या सेकंदापासून लीन दिसली असती ना? आधी बरोबर आणि मग हळूहळू कोरडी, म्हणजे फ्लोट बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी) रिकामा होतोय, वरून पेट्रोल पुरत नाहीये. फिल्टर कापून बघितला तर आत तपकिरी चिखल. जुन्या टाकीतला पंचवीस वर्षांचा मळ इथेनॉलने सोडवून खाली आणला असणार. फिल्टर बदलला, पंपाचा डायफ्राम बदलला, पुढच्या रविवारी तोच घाट तोच गिअर, वरपर्यंत ०.८७-०.८८. प्लग बघून जेट मोठा टाकला असता तर घाट तसाच राहिला असता आणि पहिले सहा सेकंद काळा धूर मिळाला असता. मिस्त्रीकाकांना ग्राफ दाखवला, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘हे रेषेचं प्रिंट काढून द्या मला.’

सत्तरच्या स्पीडला मात्र जेटचाच प्रॉब्लेम होता, लॅम्डा १.१०. माझ्या गाडीत कार्बोरेटरच्या प्रायमरी म्हणजे पहिल्या नळीला १०७.५ नंबरचा जेट होता, ११२.५ टाकला. भोकाच्या क्षेत्रफळाने साडेनऊ टक्के मोठा, १.०१ आला, हिशोबाला धरून. झटके गेले. आयडलचा स्क्रू अर्धा फेरा सोडला, ०.९७. पीयूसीला गेलो तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड, पेट्रोल वाढलं की वाढतो) आधी ०.३ होता तो ०.९ आला, म्हणजे मीटर आणि पीयूसीवाल्याचं मशीन एकाच दिशेला बोलतायत, त्या दिवशी मला किटवर खरा विश्वास बसला. नंतर महाबळेश्वरला गेलो, साडेतेराशे मीटरवर तोच जेट तोच स्पीड आणि लॅम्डा ०.९७. हवा विरळ, कार्बोरेटरला पत्ता नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, स्क्रीनवर बघताना वेगळीच मजा आली.

अॅव्हरेज वाढलं का विचाराल तर नाही. दहाचं साडेनऊ झालं, जेट मोठा केल्यावर दुसरं काय होणार. चालायला मात्र गाडी परत गाडीसारखी झालीय.

स्टार द्यायचे तर सेन्सरला पाच, बोर्डाला साडेतीन, सोबतच्या कागदाला अर्धा. विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, एकदा फक्त अंगठा आला. तयार मीटर कस्टम धरून मला वीस हजारांच्या वर जात होता, माझे दुसरा सेन्सर धरून साडेबावीस झाले, तेव्हा पैसे वाचवायला हे किट घेऊ नका. सोल्डरिंगची आवड असेल, प्रोग्रामच्या ओळी वाचता येत असतील तरच घ्या. फक्त गाडी ट्यून करायचीय तर तयार घ्या आणि रविवार घरच्यांसोबत घालवा.

सध्या सेन्सर काढून डब्यात ठेवलाय आणि भोकाला बोल्ट मारलाय, कारण हीटर बंद ठेवून तो सायलेन्सरमध्ये राहिला की काजळीने खराब होतो. शेजारचे पद्मिनीवाले काका महिनाभर मागतायत. त्यांना म्हटलं देतो काका, आधी बंग वेल्ड करून आणा, आणि किल्ली मीच फिरवणार.