राजगड-तोरणा एका दिवसात: ट्रेक ग्रुपच्या पॅकेजमध्ये पैसे नक्की कशाचे?

पुण्यातले ट्रेक ग्रुप हिवाळ्यात एका दिवसाचे जे ट्रेक नेतात, त्यांत राजगड-तोरणा हा घाम काढणारा. माणशी हजार-बाराशेपासून पंधराशेच्या आसपास पैसे पडतात. त्यात बस, नाश्ता, एक जेवण, लीडर आणि प्रथमोपचार पेटी. जाहिराती वाचल्या तर सगळे ग्रुप एकाच साच्यातले वाटतात. खरा फरक असतो वेळापत्रकात, आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं. त्यामुळे इथे कुठल्या एका ग्रुपला तारे दिलेले नाहीत. ही सेवा घेण्यासारखी आहे का आणि घ्यायची तर काय तपासून, एवढंच बघू.

पहिला मुद्दा गाडीचा. चढाई राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून सुरू होते आणि उतराई तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात संपते. स्वतःची गाडी गुंजवण्यात लावली तर संध्याकाळी ती डोंगराच्या पलीकडे राहते, आणि रविवारी अंधार पडल्यावर वेल्ह्यातून तिकडे जायला काही मिळणं नशिबावर. पॅकेजची बस आपल्याला सोडून मार्गासनीवरून वळसा घालून वेल्ह्यात येऊन थांबते. निम्मे पैसे इथेच वसूल. पोहे गार होते म्हणून एक तारा कापणाऱ्यांनी आधी याचा हिशेब करावा.

आता वेळ. मध्यम चालीच्या गटाला चोरदरवाज्याने राजगडाची पद्मावती माची गाठायला दोन ते अडीच तास. तिथून संजीवनी माचीच्या टोकाकडे आळू दरवाज्यापर्यंत पाऊण तास. दरवाज्याखालचा घसारा, म्हणजे सुट्या मातीचा निसरडा उतार, उतरून दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेने मधल्या खिंडीपर्यंत सव्वा तास. खिंडीतून तोरण्याच्या बुधला माचीच्या पायथ्याशी तीन तास, शिडी चढून गडावरच्या मेंगाई मंदिरापर्यंत आणखी एक, आणि बिनी दरवाज्यातून वेल्हे गाठायला सव्वादोन तास. नुसतं चालणं साडेदहा तासांचं. नाश्ता, जेवण, पाणी भरणं, बूट काढून फोड बघणं, याचे दोन तास धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहाटे साडेचारला टॉर्च लावून पाऊल उचललं तर उजेडात वेल्हे कसंबसं गाठता येतं. त्यासाठी पुण्यातून दोनला निघायला हवं. जाहिरातीत ‘पहाटे पाच वाजता पिकअप’ लिहिलं असेल, तर तोरण्याची उतराई अंधारात आहे हे त्यांनी आधीच ठरवलेलं आहे. फक्त तुम्हाला सांगितलेलं नाही.

राजगडाचा बालेकिल्ला दाखवण्याचं वचन हाही असाच इशारा. उभ्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि जाऊन-येऊन सव्वा ते दीड तास जातो. धारेने एका गडावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या एका दिवसाच्या ट्रेकमध्ये तो बसत नाही. बालेकिल्ला, सुवेळा माची, नेढं (कातळातलं आरपार भोक) हे सगळं बघायचं असेल तर राजगडासाठी वेगळा दिवस द्यावा.

गटाचा आकार हा बहुतेकांच्या लक्षात न येणारा घटक. बुधला माचीखालच्या लोखंडी शिडीवर एका वेळी एकच जण. सवय नसलेल्या माणसाला शिडी आणि तिच्या वरचा कातळ मिळून दीड मिनिट लागतं. वीस जणांचा अर्धा तास, चाळीस जणांचा एक तास. तोही दुपारच्या उन्हात, झाडाचं नाव नसलेल्या धारेवर, बाटलीत शेवटचं पाणी असताना. हीच रांग पहाटे चोरदरवाज्याखालच्या रेलिंगच्या टप्प्यावरही लागते. वीस-बावीसच्या पुढचा गट या वाटेवर नकोच. दोन बसचा ग्रुप असेल तर दुसरी तुकडी तासभर मागे ठेवतात का, हे विचारा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र खिंडीचा. वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता राजगड-तोरण्याची धार जिथे ओलांडतो, तिथेच या वाटेवरून सरळ गाडीत बसून परत जाता येतं. खिंड ओलांडली की तोरणा चढून वेल्ह्यात उतरायचं, नाहीतर आली तेवढी धार मागे फिरायचं. म्हणून खिंडीत कटऑफ हवाच. शेवटचा माणूस अकरापर्यंत तिथे पोचला नाही, तर मागे पडलेल्यांना तिथूनच खाली न्यायचं. चांगला ग्रुप हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगतो आणि खिंडीत गाडी किंवा गावातली जीप ठरवून ठेवतो. वाईट ग्रुप ‘हळूहळू चला, पोचाल’ म्हणतो. गुडघा आळू दरवाज्याच्या घसाऱ्यावरच बोलायला लागलेला असतो. तो तोरण्याच्या उतारावर सुधारत नाही. बसचालक वेल्ह्यात झोपलाय आणि धारेवर मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून ही सोय आयत्या वेळी होत नाही.

लीडर किती हे सगळे विचारतात, कोण कुठे चालणार हे कुणी विचारत नाही. वीस जणांमागे तिघे हवेत: एक पुढे, एक मधे, एक अगदी शेवटी, आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहता कामा नये. धारेवर ढोरवाटा फुटतात. पुढचा गट नजरेआड झाला की मधले चौघे-पाचजण सपाट आडवी वाट धरून धारेखाली उतरतात, आणि पुन्हा वर येण्यात पाऊण तास घालवतात. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं हा नियम ज्या ग्रुपकडे आहे, त्यांना शंभर रुपये जास्त द्यावेत.

पाण्याबाबत ‘वाटेत मिळेल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. निघताना तीन लिटर, पद्मावती माचीवर पुन्हा तीन लिटर करून घ्यायचं, कारण नंतर तोरण्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. हंगामात शनिवार-रविवारी खिंडीच्या आसपास लिंबूसरबत, ताक विकणारे भेटतात; भेटले तर प्यावं, त्यांच्यावर हिशेब बांधू नये. टाक्यांचं पाणी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून प्यायचं. ओआरएसचं एकवीस ग्रॅमचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात. अर्ध्या लिटरात घट्ट करून प्यायलं की मळमळतं आणि दोष पोह्यांना जातो. पायात गोळे येणाऱ्यांनी ते खिंडीतच सुरू करावं, शिडीखाली फार उशीर झालेला असतो.

जेवणाचं थोडक्यात: डबाबंद पुलाव धारेवर घशाखाली उतरत नाही. गूळपोळी, दशम्या, चिक्की, खजूर, संत्री चालतात. पिठलं-भाकरी वेल्ह्यात उतरल्यावर.

सामानात ग्रुपच्या यादीवर विसंबू नये. हेडटॉर्च आणि जादा सेल ‘दिवसाचा ट्रेक’ असला तरी हवेतच. बूट रबरी पकडीचे आणि आधी चालून मऊ झालेले. पायाची नखं आदल्या दिवशी कापलेली, नाहीतर वेल्ह्याच्या उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटून अंगठ्याचं नख काळं पडतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, कारण वाळलेलं गवत आणि कारवी दोन्ही ओरबाडतात. अत्तर-डिओ नको, कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

नोंदणीच्या वेळी ग्रुप काय विचारतो, यावरून त्याची पारख होते. नाव आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट एवढंच मागत असेल तर सोडून द्या. दमा, रक्तदाब, गुडघे, याआधी केलेला मोठा ट्रेक, घरच्यांचा नंबर, हे विचारायलाच हवं. ज्याने याआधी एकही गड केलेला नाही त्याला नम्रपणे नाही म्हणणारा ग्रुप हा चांगला ग्रुप. राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नये.

घ्यावं का? दहा-बारा जणांचा स्वतःचा गट असेल, त्यात दोघांनी ही वाट आधी केलेली असेल आणि गाडीसह चालक मिळत असेल, तर पॅकेजची गरज नाही. खर्च जवळपास तेवढाच येतो आणि निघायची वेळ आपल्या हातात राहते. बाकीच्यांनी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात एवढ्याच काळातलं पॅकेज घ्यावं. पावसाळ्यात धारेवर धुकं आणि शिडीवर शेवाळ, मार्चनंतर सावलीशिवाय तीन तास. त्या महिन्यांत कुणी सवलत देत असेल तरी नको.