मॉनमथ, बारेतिना की स्कॉटहूवा : पहिली कुठली विणायची?

युरोपातली जुन्या पद्धतीची सणावाराची टोपी विणायचीय पण कुठली ते ठरत नसेल, तर आधी घरात लोकर कुठली आहे ते बघा. अ‍ॅक्रिलिकचे गुंडे असतील तर मॉनमथ टोपी बाद, कारण ती मुळात मोठी आणि सैल विणतात आणि मग गरम पाण्यात साबण लावून रगडून आटवतात, तेव्हा कुठे ती घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक कितीही रगडा, आटत नाही.

खरी लोकर असेल तर मात्र नवशिक्यांनी हीच घ्यावी. वेल्समधल्या मॉनमथ गावची टोपी, गोलात सुलटे टाके, वर जाताना कमी करत जायचं, शेंड्यावर बटण, कडेला एक लूप, झालं. दिसायला अगदीच साधी, सणाची वाटणारही नाही, पण इंग्लंडात १५७१ साली चक्क कायदा होता की सहा वर्षांवरच्या बहुतेकांनी (बडी मंडळी सोडून, अर्थातच) रविवारी आणि सणाला लोकरीची विणलेली टोपी घालायची, नाहीतर ३ शिलिंग ४ पेन्स दंड! टोपीवाल्यांचा धंदा वाचवायला. १५९७ मध्ये तो रद्द झाला.

बारेतिना स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या पुरुषांची, लाल, लांब मोज्यासारखी, शेंडा मागे सोडा नाहीतर घडी करून पुढे घ्या. विणायला सोपी पण संपता संपत नाही, आणि अ‍ॅक्रिलिकमध्येही चालून जाते. ख्रिसमसला तिकडे एका ओंडक्याला ही टोपी घालतात, मुलं त्याला काठीने बडवतात आणि तो म्हणे गिफ्ट हगतो. सणाची मजा हवी असेल तर हीच.

सगळ्यात देखणी मला आइसलंडची स्कॉटहूवा वाटते. काळी, बारीक विणीची, मागे शेपटी, लांब रेशमी गोंडा आणि दोन्हींच्या मध्ये चांदीची नळी. आधी पुरुष घालायचे, अठराव्या शतकाच्या शेवटी बायकांनी उचलली आणि पुढे ती लहान होत होत पिनांनी केसात अडकवण्याएवढी झाली. १७ जूनला, त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, अजून दिसते. पण पातळ सुया, त्यात काळा रंग, ट्यूबलाइटखाली टाका सुटला तर सापडत नाही, आणि जीन्सवर ती पोरकीच दिसते, खाली तिकडचा पारंपरिक काळा पोशाख हवाच. नळी बहुतेक सोनाराकडूनच करून घ्यावी लागेल, तर गोंडा आधी बनवा आणि मगच माप द्या.