कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी : पट्टीने मोजावी की नळीने?

यामाहा आरएक्स १००, राजदूत ३५० किंवा हिरो होंडा सीडी १०० यांसारखी जुनी गाडी घरी सांभाळणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. स्पार्क प्लग काळा पडत असतो, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असते किंवा याच्या उलट चढावर गाडी दम टाकत असते. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) साफ करून झालेले असतात, एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा) फिरवून झालेला असतो, तरी फरक पडत नाही. अशा वेळी फ्लोट बाउलमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतील पेट्रोलची पातळी तपासावी लागते (त्यात फ्लोट तरंगत वर आला की नीडल नावाची सुई सीटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर, टेकून येणारे पेट्रोल बंद करते), कारण ती पातळी बरोबर आहे असे धरूनच जेटचे आणि एअर स्क्रूचे सारे गणित बसवलेले असते. त्यासाठी घरी दोन साधने करता येतात. एक म्हणजे फ्लोटची उंची मोजणारी पट्टी आणि दुसरे म्हणजे बाउलच्या तळाला जोडून बाहेरून पातळी दाखवणारी पारदर्शक नळी. दोन्हींचा खर्च किरकोळ आहे, पण दोन्ही साधने एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि निवड करताना हाच फरक मुख्य आहे.

पट्टीची पद्धत कोरडी आहे. कार्बोरेटर उतरवून बाउल काढायचा, कार्बोरेटर उलटा करून थोडा तिरका धरायचा आणि फ्लोटची जीभ (नीडलला ढकलणारी छोटी पट्टी) नीडलच्या स्प्रिंगवाल्या टोकाला नुसती टेकेल, ती स्प्रिंग दबणार नाही, अशा स्थितीत गॅस्केट बसते त्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे. साधा व्हर्निअर चालतोच, पण एका हातात कार्बोरेटर आणि दुसऱ्या हातात व्हर्निअर धरून फ्लोट न हलवता माप घेणे कठीण जाते. त्यापेक्षा जाड पत्र्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीची खाच पाडून कापून घ्यावा. तो पृष्ठभागावर उभा ठेवला की फ्लोट खाचेत जेमतेम बसतो का, हे डोळ्यांनी लगेच कळते. माप गॅस्केट ठेवून घ्यायचे की काढून, हे मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे, कारण गॅस्केटच्या जाडीइतकी चूक इथे सहज होते.

या पद्धतीत पेट्रोल हाताळावे लागत नाही, माप पुन्हा पुन्हा घेता येते आणि फ्लोटची जीभ वाकवून दुरुस्ती जागच्या जागी करता येते. मोजलेले अंतर वाढले की पातळी खाली जाते आणि अंतर कमी झाले की वर येते. जीभ केसभर वाकवली तरी फ्लोटच्या टोकाशी तो फरक कितीतरी पटींनी दिसतो, म्हणून पक्कड न वापरता बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हळूहळू वाकवणे बरे.

तिची उणीव अशी की ती फक्त भूमिती तपासते. फ्लोटला बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरले असेल, नीडलच्या टोकाला झिजून कडे पडले असेल, सीटखालची रबरी रिंग कडक झाली असेल, तरी पट्टीवर माप अगदी बरोबर येते आणि गाडी मात्र ओव्हरफ्लो करतच राहते. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांतले मूळ रबर फुगण्याची किंवा कडक होण्याची शक्यता असते, म्हणून ही उणीव पूर्वीपेक्षा आता जास्त जाणवते.

नळीची पद्धत प्रत्यक्ष पेट्रोल मोजते. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या दोन टोकांची पातळी जुळवतात, तेच तत्त्व इथे लागू पडते: एकमेकांना जोडलेल्या दोन भांड्यांतला द्रव एकाच पातळीवर राहतो. बाउलच्या ड्रेनला (तळाशी पेट्रोल काढून टाकायच्या भोकाला) जोडलेली नळी बाउलच्या बाजूने उभी धरली की आतली पातळी बाहेर दिसते. केहिन कंपनीच्या पुष्कळ कार्बोरेटरना ड्रेन स्क्रूजवळच नळी बसेल अशी तोटी असते. तिथे नळी घालायची आणि स्क्रू एक-दीड फेरा सैल करायचा, इतकेच काम उरते. जिथे तळाला नुसता प्लग (आट्यांचे बूच) आहे, तिथे त्याच आट्यांचा पितळी प्लग लेथवाल्याकडून करून घ्यावा आणि त्याला मधोमध भोक पाडून छोटी पितळी नळी झाळून घ्यावी. नळी लांबीने (पुट्टीने) किंवा घरगुती गोंदाने चिकटवू नये, कारण पेट्रोलमध्ये तो जोड टिकत नाही आणि सुटला तर बाउलभर पेट्रोल गरम इंजिनावर पडते.

नळी कोणती घ्यावी, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण खरी अडचण तिथेच आहे. गॅरेजमध्ये सलाईनची नळी सर्रास वापरतात, कारण ती फुकट मिळते आणि स्वच्छ दिसते. पण बारीक नळीत द्रव केशाकर्षणाने आपोआप वर चढतो. पेट्रोलच्या बाबतीत हिशेब केला, तर आतून ३ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा चढ सुमारे ४ मिलिमीटर येतो आणि ६ मिलिमीटरच्या नळीत सुमारे २ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या फरकासाठी आपण एवढा खटाटोप करत असताना साधनच चार मिलिमीटर जास्त दाखवत असेल, तर बरोबर असलेली पातळी जास्त समजून आपण ती उगीच खाली आणू, आणि टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पिस्टन सीझ, म्हणजे जाम, होण्याचा धोका ओढवून घेऊ. म्हणून आतून ६ ते ८ मिलिमीटरची नळी घ्यावी. तोटी बारीक असेल तर खालचा छोटा तुकडा बारीक ठेवून वर जाड नळी जोडावी. केशाकर्षण पेट्रोलचा पृष्ठभाग जिथे असतो तिथल्या व्यासावर अवलंबून असते, खालच्या जोडाच्या व्यासावर नाही. गवंड्यांची पातळी-नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि या कामाला ती पुरते. पेट्रोलमध्ये ती काही दिवसांत कडक आणि पिवळी पडते, तेव्हा दर वेळी नवा तुकडा कापावा.

माप घेतानाही एक पथ्य पाळावे. नळीचे उघडे तोंड सुरुवातीपासूनच बाउलच्या वर धरावे आणि पेट्रोल खालून हळूहळू चढू द्यावे. नळी एकदा खाली आणून पुन्हा वर उचलली, तर तिच्यातले पेट्रोल उलटे बाउलमध्ये जाते आणि नीडल बंद झाल्यावरही पातळी वाढलेली दिसते. असे झाल्यास थोडे पेट्रोल काढून टाकून पहिल्यापासून माप घ्यावे. गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी हवी, नळीत बुडबुडा नको, आणि कार्बोरेटर तिरका बसवलेला असेल तर नळी बाउलच्या मध्याजवळच धरावी. कार्बोरेटर उतरवून टेबलावर हीच चाचणी करायची असेल, तर पेट्रोलची बाटली गाडीच्या टाकीइतक्या उंचीवर टांगावी, कारण वरून दाब जास्त आला तर नीडल थोडी उशिरा बंद होते.

हे काम उघड्यावरच करावे. जवळ विडी-काडी, स्टोव्ह किंवा चालू असलेले विजेचे बटण नको, आणि खाली पत्र्याचा ट्रे हवा. नळीत पेट्रोल तोंडाने ओढणे तर सर्वथा टाळावे.

कोणती पद्धत निवडावी, हे गाडीच्या स्थितीवर ठरते. कार्बोरेटर पूर्ण खोललेलाच असेल, नवी नीडल आणि सीट बसवत असाल, तर पट्टीने फ्लोट बसवणे हे पहिले काम आहे आणि ते टाळता येत नाही. गाडी रस्त्यावर चालती आहे आणि केवळ शंका आली आहे, अशा वेळी मात्र कार्बोरेटर न उतरवता पंधरा मिनिटांत उत्तर देणारी नळीच घ्यावी. एकच साधन करायचे असेल, तर माझा कौल निःसंशय नळीला आहे. तिच्यात फ्लोट, नीडल, सीट आणि टाकीचा दाब या सगळ्यांचा एकत्रित परिणाम दिसतो, आणि कॉक चालू ठेवून पाच-दहा मिनिटे थांबल्यावर पातळी हळूहळू चढतच राहिली, तर दोष उंचीत नसून नीडल गळते आहे, हेही त्याच वेळी कळते. मॅन्युअलमध्ये फक्त फ्लोटची उंची दिलेली असेल, पेट्रोलची पातळी दिली नसेल, तर नळीच्या आकड्याला तुलनेसाठी काही उरत नाही. तिथे उंची पट्टीने लावावी आणि नळीने फक्त गळती पाहावी.

राजदूत ३५० मध्ये दोन सिलिंडरना मिकुनी कंपनीचे दोन स्वतंत्र कार्बोरेटर आहेत, आणि तिथे नळीचा उपयोग दुप्पट होतो. दोन्ही बाउलना एकाच व्यासाच्या नळ्या जोडल्या, तर केशाकर्षणाची चूक दोन्हीकडे सारखी राहते, त्यामुळे प्रत्यक्ष आकड्यापेक्षा दोन पातळ्यांमधला फरक जास्त भरवशाचा ठरतो. तो फरक एक मिलिमीटरच्या आत आला की मगच थ्रॉटल केबलचे सिंक्रोनायझेशन (दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडतील अशी जुळणी) हाती घ्यावे; उलट क्रमाने केले, तर पातळी दुरुस्त केल्यावर केबल पुन्हा जुळवाव्या लागतात.