कापडी टप, मुका पंप आणि डिकीतल्या वायरी : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी दहा वर्षे जुनी, दोन दारांची, बटणावर उघडमीट होणाऱ्या कापडी टपाची गाडी विकत घेतली. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या पावसात असली गाडी कशाला, असे घरच्यांसकट सगळ्यांनी विचारले. पण शहराच्या पश्चिमेला थोडेच अंतर गेले की पीक डिस्ट्रिक्टचा माळ सुरू होतो, आणि लेडीबॉवर जलाशय ओलांडून स्नेक पास या घाटरस्त्याच्या चढाला टप उघडा ठेवून लागले की ओल्या गवताचा आणि मातीचा जो वास अंगावर येतो, त्यासाठी मी ही गाडी पुन्हा घेईन. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. हा सगळा अनुभव टपाचा आहे, कारण जुनी गाडी घेणारा माणूस धास्तावतो तो टपालाच, आणि ती धास्ती बऱ्याच अंशी अज्ञानातून येते असे आता माझे ठाम मत झाले आहे.

हा टप चालतो कसा, हे आधी सांगणे भाग आहे. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात विजेवर चालणारा एक लहान पंप असतो. तो तेलाचा दाब तयार करतो आणि त्या दाबावर सिलेंडर टपाची चौकट उचलतात. बटण दाबले की आधी काचा थोड्या खाली येतात, पुढच्या काचेवरची पकड सुटते, टपाची मागची कड वर होते, मागचे झाकण उघडते, टप घडी होऊन आत बसतो आणि झाकण बंद होते. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याची खबर एखादा सेन्सर किंवा बारीक स्विच कंट्रोल युनिटला देतो, आणि ती खबर येईपर्यंत युनिट पुढची आज्ञा देत नाही. 1939 साली अमेरिकेतल्या प्लिमथ गाडीचा टप इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडत असे. तिथे प्रश्न फक्त ताकदीचा होता. आजच्या टपात ताकद सहसा शाबूत असते, तुटते ती खबर.

हे शहाणपण मला फुकट मिळाले नाही. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी दुकानाबाहेरच्या वाहनतळावर मी टप बंद करायला गेले, तो अर्ध्यावर येऊन थांबला. पंपाचा आवाज बंद झाला, पडद्यावर ‘डिकी उघडी आहे’ असा संदेश आला आणि डिकी तर घट्ट बंद होती. अशा वेळी सर्वांत आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अर्धवट उभी असलेली चौकट केवळ तेलाच्या दाबावर तोललेली असते. दाब उतरला की ती हळूहळू किंवा एकदम खाली येते. तिच्या सांध्यांत बोटे घालू नयेत, आणि खाली हात घालायचाच असेल तर आधी चौकटीला टेकू द्यावा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पंपावरचा एक स्क्रू ॲलन पान्याने सैल केल्यावर दाब मोकळा झाला आणि शेजारच्या गाडीतल्या एका गृहस्थांच्या मदतीने, दोन्ही बाजू सारख्या धरून, आम्ही टप हाताने ओढून बसवला. तो पाना मी आता डिकीत नव्हे, पुढच्या कप्प्यात ठेवते.

दुसऱ्या दिवशी ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे पाच मिनिटांत पंप गेल्याचे सांगून चौदाशे पौंडांचा अंदाज हातात दिला गेला. एवढी रक्कम ऐकल्यावर मी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या मामांना फोन केला. त्यांचा जन्म उसाच्या ट्रॉल्यांची हायड्रॉलिक कामे करण्यात गेला आहे. अशी गाडी त्यांनी जवळून पाहिलेलीही नाही. मी म्हटले, “मामा, तुम्हाला हे फोनवर कळेल का, माहीत नाही, पण ऐका.” सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “पंप फिरतोय पण जॅक उचलत नाही, असं असेल तर तेल बघ. पंप फिरतच नसेल तर तेलाला हात लावू नकोस, आधी करंट कुठवर येतोय ते बघ. आणि गाडी काय म्हणतेय ते वाच की! ती डिकी म्हणतेय, तू पंप म्हणतेस.”

मामांच्या या शेवटच्या वाक्याने काम केले. डिकीशी संबंधित आणखी काय बिघडले आहे, असा विचार करताना आठवले की त्याच्या आदल्या आठवड्यात मागच्या नंबरप्लेटचा दिवा लुकलुकत होता आणि मी बल्ब बदलूनही तो सुधारला नव्हता. दिव्याच्या आणि डिकीच्या कुलुपाच्या वायरी एकाच रबरी नळीतून, डाव्या बिजागरीजवळून झाकणात जातात. ती नळी मी सरकवली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या नळीच्या आत, जिथे डिकी उघडताना दर वेळी वाक पडतो नेमक्या त्याच जागी, दोन वायरी पूर्ण तुटलेल्या होत्या आणि चार वायरींचे आवरण तडकून आतले तांबे हिरवट पडले होते. डिकी हलकेच वरखाली केली की तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि सुटत. कुलूप बंद असल्याची खबर युनिटपर्यंत पोचतच नव्हती आणि त्यामुळे पंपाला आज्ञाच मिळत नव्हती. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने सहाही वायरींना जास्त लवचिक वायरीचे तुकडे सोल्डर करून जोडले, जोड वाकापासून दूर घेतले आणि मजुरीचे दीडशे पौंड घेतले. तोच जुना पंप आजही चालतो आहे.

म्हणून टप अडला तर तो कोणत्या टप्प्यावर अडला, पंपाचा आवाज आला की नाही आणि पडद्यावर काय आले, हे त्याच क्षणी लिहून ठेवावे किंवा फोनवर चित्रित करावे. बाजारात मिळणारे स्वस्त कोड रीडर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतात. टपाच्या युनिटशी बोलण्यासाठी त्या त्या बनावटीचे साधन लागते. डिकीत टपाची घडी बसावी म्हणून सामानाच्या वर जो पडदा ओढायचा असतो, तो खाचेत नीट बसला नसला तरी टप हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात एकदा मी पाऊण तास फ्यूज तपासत बसले होते आणि पडदा बोटभर बाहेर होता.

जानेवारीत टप पुन्हा मंदावला. यावेळी दोष बॅटरीचा होता. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर 12.1 व्होल्ट दिसले, म्हणजे चार्ज निम्म्याच्या आसपास आलेला. पंप बराच करंट ओढतो आणि व्होल्टेज पडले की युनिट त्याला मध्येच थांबवते. बॅटरी बदलल्यापासून मी इंजिन चालू ठेवूनच टप हलवते, आणि लागोपाठ चार-पाच वेळा उघडमीट करून दाखवण्याचा मोह आवरते, कारण पंप तापला की तो थंड होईपर्यंत काम करत नाही. तेलाची पातळी मात्र सोळा महिन्यांत केसभरही उतरलेली नाही. ती उतरलीच तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेकचे तेल घातले तर सिलेंडरची रबरी सील फुगून खराब होतात.

खरा शत्रू पाणी आहे. टपाच्या घडीच्या तळाशी, दोन्ही कोपऱ्यांत, पाणी खाली सोडणारी भोके असतात. आमच्या रस्त्यावर सायकमोरची झाडे आहेत आणि नोव्हेंबरपर्यंत त्यांची पाने कुजून काळा लगदा होतो. डाव्या भोकातून मी गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घालून असा मूठभर लगदा काढला, तेव्हा साचलेले पाणी गाडीखाली भळाभळा वाहिले. ते पाणी आत झिरपते तेव्हा त्याच्या वाटेतच पंपाचा खळगा असतो. पंप खरोखर जळतात ते बहुधा असे. आता दर दोन महिन्यांनी मी बाटलीभर पाणी सावकाश ओतून दोन्हीकडून ते खाली येते का, हे पाहते. गाडी विकत घेताना हीच तपासणी आधी करावी आणि डिकीतला गालिचा उचलून खाली हाताने चाचपावे.

कापडाविषयी माझे समाधान आहे. बाहेर ॲक्रिलिकचे विणकाम, मध्ये रबराचा थर आणि आत अस्तर असे हे तिपदरी कापड इथल्या पावसात एकदाही गळलेले नाही. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बाजूला हिरवी शेवाळ धरते. ती मऊ ब्रशने आणि कोमट पाण्याने विणीच्या दिशेने काढावी, जोराच्या फवाऱ्याने कधीही नाही. ओला टप घडी करून ठेवला की अस्तराला बुरशीचा वास येतो, म्हणून मी तो वाळल्याशिवाय उघडत नाही, आणि या एका नियमामुळे इथे अनेक चांगल्या संध्याकाळी हातच्या जातात. दारांच्या रबरांना वर्षातून दोनदा सिलिकॉनचे वंगण लावते.

सध्या एकच काम शिल्लक आहे. घडी होताना कापड आत ओढून धरणारा डाव्या बाजूचा इलॅस्टिकचा पट्टा सैल पडला आहे, त्यामुळे कापडाची एक चुणी चौकटीच्या सांध्याकडे सरकते आणि तिथे रुपयाएवढा घासलेला डाग उमटू लागला आहे. नवा पट्टा आला आहे. तो बसेपर्यंत मी टप उघडताना खाली उतरते आणि ती चुणी हाताने आत सारते.