'गुदमरून मृत्यू'च्या पुढे काय? दादरच्या वर्गाबद्दल

पोस्टमॉर्टेमचा (पीएम) रिपोर्ट वाचायला शिकवणारा एक वर्ग दादरला भरतो. शनिवारी दुपारी. फॉरेन्सिकचे एक निवृत्त प्राध्यापक घेतात. मी वकील, सेशन्स कोर्टात फौजदारी खटले चालवतो, म्हणून नाव घातलं. यावेळी विषय होता अ‍ॅस्फिक्सिया, म्हणजे गुदमरणं.

सरांनी आल्या आल्या फळ्यावर एक ओळ लिहिली, 'मृत्यूचं कारण: अ‍ॅस्फिक्सिया', आणि विचारलं, "कलम कुठलं?" मागून एकजण म्हणाला 103 (भारतीय न्याय संहितेतलं खुनाचं), दुसरा म्हणाला 108 (आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं). सर म्हणाले, "आणि घास अडकून गेला असेल तर?" सगळे गप्प. शरीराला प्राणवायू मिळाला नाही, एवढंच त्या ओळीतून कळतं. कसा मिळाला नाही, हे डॉक्टरला पिंजऱ्यात विचारायचं, आणि ते विचारायला शिकवणं हाच या वर्गाचा जीव.

वर्गवारी त्यांनी 2010 मधल्या सोवाजो आणि बोघोसियन या फॉरेन्सिक अभ्यासकांच्या लेखावरून घेतली. त्याआधी प्रत्येक पाठ्यपुस्तकाची व्याख्या वेगळी, त्यामुळे एकाच मृत्यूला दोन डॉक्टर दोन नावं द्यायचे. आता कप्पे चार: श्वास कोंडणं (नाकतोंड दाबलं जाणं, घास अडकणं, बंद जागेत हवा संपणं), गळ्यावर दाब (गळफासही यातच), छातीवर दाब किंवा श्वासच घेता येणार नाही अशी शरीराची अडकलेली अवस्था, आणि बुडणं. खून, आत्महत्या की अपघात, हे मात्र एकही कप्पा सांगत नाही. त्यासाठी पंचनामा आणि घटनास्थळच लागतं.

सगळ्यात चांगला अर्धा तास तिसऱ्या कप्प्यावर गेला. सरांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीचं नाव घेतलं, 29 सप्टेंबर 2017. चेंगराचेंगरीत गळ्याला कुणी हात लावलेला नसतो. छातीवर एवढा भार येतो की बरगड्या उचलल्याच जात नाहीत, आणि माणूस मोकळ्या हवेत गुदमरतो. अशा देहाचा चेहरा आणि मान जांभळी, पापण्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. पण नुसत्या ठिपक्यांवर भिस्त ठेवू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. हृदय बंद पडलेल्या माणसातही ते दिसतात. निळसर ओठ, पातळ राहिलेलं रक्त, फुगलेलं उजवं हृदय ही जुनी लक्षणंही अशीच बिनभरवशाची. आमच्याकडे सरकारी पक्ष मात्र अजून त्यांचीच यादी वाचून दाखवतो!

बुडण्याचा भाग घाईत गुंडाळला. डायटमच्या चाचणीवर (पाण्यातली सूक्ष्म शेवाळं देहात सापडतात का, हे बघणारी) एवढे वाद आहेत, आणि त्याला मिळाली जेमतेम दहा मिनिटं. गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडबद्दल एका पीएसआय मॅडमनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, जुनी पुस्तकं त्याला अ‍ॅस्फिक्सियात घालतात, माझ्या मते ती विषबाधा. देहाचा चेरीसारखा लालसर रंग बघा आणि रक्त कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला पाठवा. उत्तर चोख, पण आणखी ऐकायला आवडलं असतं.

हॉलचा माइक खरखरतो, मागे बसू नका. बटाटावडा गरम होता. नोट्स मात्र झेरॉक्सच्या, काळ्यापांढऱ्या. गळ्यावरची खूण तिरकी आणि तुटक (बहुधा गळफास) आहे की आडवी आणि सलग (बहुधा गळा आवळलेला), हे फोटोत बघायचं, तर तिथे नुसता काळा डाग. आयोजकांनी फी थोडी वाढवावी, पण फोटोंची पानं रंगीत छापावीत.