रिटायर झाल्यावर गाणं शिकायचंय: परीक्षा द्यायची की नुसतं गुरूंकडे बसायचं?

मी ५८ ला रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात गाण्याचा क्लास लावला, तेव्हा हाच प्रश्न पडला होता म्हणून सविस्तर लिहितेय.

गांधर्व महाविद्यालयाच्या शास्त्रीय गाण्याच्या परीक्षांचा रस्ता म्हणजे एकेक पायरी: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि पुढे विशारद. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथली ही परंपरा. फायदा खरंच मोठा आहे, नोकरी सुटली की दिवसाला आकारच राहत नाही, सकाळी दहा वाजता काय करायचं कळत नाही, अशा वेळी तारीख ठरलेली असली की माणूस आपोआप रियाजाला बसतो, शिवाय थिअरी पक्की होते. पण राग भराभर उरकले जातात, आलाप-ताना पाठ करून म्हणायच्या, आणि या वयात पाठांतर जड जातं हो.

गुरूंसमोर बसणं वेगळंच. आमच्या बाईंनी तीन महिने फक्त भूप राग दिला. म आणि नी नाहीत, पाचच स्वर, सोपा वाटतो ना? पण गंधारावर, म्हणजे ग वर, थांबायला लागलं की कळतं. मी काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात गायचा, हट्ट धरला होता, बाईंनी तानपुऱ्याचा सूर खाली उतरवला आणि माझा षड्ज, म्हणजे सा, पहिल्यांदा न थरथरता लागला, डोळ्यात पाणीच आलं. हे कुठल्या सिलॅबसमध्ये बसणार?

पहिलं वर्ष तरी परीक्षेचा फॉर्म भरू नका असंच मी सांगेन. शिस्त हवी असेल तर सकाळची वेळ ठरवा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा आणि अर्धा तास नुसता सा लावा.