वॉटरमेकर: एकटीने अटलांटिक वल्हवल्यानंतरचा अनुभव

कॅनरी बेटांतलं ला गोमेरा ते कॅरिबियनमधलं अँटिग्वा हा सुमारे ४,८०० किलोमीटरचा अटलांटिक मी एकटीने वल्हवत पार केला. सरावाचे महिने धरले तर हा वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं यंत्र, बराच काळ माझ्या सोबतीला आहे. विकत घेताना जो तो एकच सांगत होता, तासाला किती लिटर पाणी देतं ते बघ. माझं मत विचाराल तर तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की ते वीज किती खातं आणि फोड आलेल्या, ओल्या हातांनी ते उघडता येतं का.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, फक्त गोडं पाणी पलीकडे जावं म्हणून ५५ बारच्या आसपास दाब द्यावा लागतो. सगळी वीज जाते ती इथे. माझ्या यंत्राची खुबी अशी की उरलेलं खारं पाणी बाहेर टाकण्याआधी त्यातला दाब पिस्टनला मागून ढकलायला वापरला जातो. त्यामुळे १२ व्होल्टवर चारेक अँपिअरमध्ये तासाला पाच लिटरच्या वर पाणी पडतं. दुपारी ऊन डोक्यावर असताना दोन तास चालवलं की माझं दिवसाचं भागायचं.

एकट्या माणसाला दहा लिटर कशाला, असं किनाऱ्यावरच्यांना वाटतं. दिवसाला बारा-बारा तास वल्हवताना पिण्यातच निम्म्याच्या वर जातं. जेवण सगळं सुकवलेलं, त्यात गरम पाणी ओतल्याशिवाय ते खाता येत नाही. आणि राहिलेलं पाणी अंगाला लागतं. ही चैन नव्हे. सरकत्या बैठकीवर मिठाने कडक झालेल्या कपड्यांत तासन्‌तास घासून कातडी सोलवटते, त्या जखमा चिघळल्या की बसणंच अशक्य होतं. रोज संध्याकाळी मगभर गोड्या पाण्याने मांड्या आणि पाठ पुसायची, हा नेम मी मोडला नाही. माझ्या मते प्रवास तडीला जाण्यात वल्ह्यांइतकाच वाटा त्या मगाचा आहे.

ढगाळ दिवसांत मात्र जीव टांगणीला लागायचा. बॅटरी उतरली की ऑटोपायलट, जहाजांना आपण दिसावं म्हणून एआयएस आणि पाणी, यांतलं काय चालू ठेवायचं ते ठरवावं लागतं. मी आधी ऑटोपायलट बंद करायचे आणि पायाने सुकाणू सांभाळायचे. मोठं, जास्त लिटर देणारं यंत्र घेतलं असतं तर अशा दिवसांत ते सुरू करायचीही हिंमत झाली नसती.

दुसरा त्रास हवेचा. होडी डोलताना पाणी ओढायचं तोंड लाटेबाहेर आलं की पंप हवा ओढतो आणि त्याचा आवाज एकदम हलका, पोकळ होतो. तो आवाज ओळखायला शिका, लगेच बंद करा. मी सामान त्या तोंडाच्या बाजूला सरकवून ठेवू लागले, तेव्हा हा प्रकार बराच कमी झाला. पुढे कॅरिबियनकडे सारगॅसम या तरंगत्या शेवाळाचे तांडे लागले आणि मेम्ब्रेनआधीची गाळणी त्याने बुजू लागली. तीन-चार सुट्या गाळण्या घेतल्याच पाहिजेत. इथे या यंत्राला पैकीच्या पैकी गुण: झाकण हातानेच फिरवून निघतं, पाना लागत नाही.

हातपंप, म्हणजे हाताने चालवायचा छोटा वॉटरमेकर, बरोबर हवाच, याबाबत तडजोड नको. ब्रिटिश वल्हेकरी रॉझ सॅव्हेज २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईकडे एकटी वल्हवत जात असताना तिचं पाण्याचं यंत्र बंद पडलं. वाटेत ‘जंक’ नावाचा, प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर तरंगणारा तराफा भेटला, तिथे तिला पाणी मिळालं आणि तिने तराफ्यावरच्यांना खाणं दिलं. अशी भेट कुणी ठरवून घडवू शकत नाही. सगळ्यात लहान हातपंप मिनिटाला ४० वेळा दांडा दाबत राहिलं तर तासाला लिटरभरही देत नाही, आणि उन्हात त्यातलं बरंचसं घामातच जातं. म्हणून तो वापरायचाच झाला तर रात्री. तो यंत्राला पर्याय नाही, पण जीव तगवतो.

दोन गोष्टी खटकल्या. सुट्या भागांची किंमत फार आहे. आणि माहितीपुस्तिकेत क्लोरीनचा इशारा आतल्या पानात दडलेला आहे, तो पहिल्याच पानावर ठळक हवा होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मेम्ब्रेन कायमचं खराब होतं, त्यामुळे किनाऱ्यावर यंत्र धुवायला यंत्राचंच साठवलेलं पाणी वापरा.

चौघांच्या होडीसाठी हे घेऊ नका, आठ-आठ तास चालवावं लागेल. एकट्यासाठी किंवा दोघांसाठी जरूर घ्या. आणि बंदरात पोचल्यावर कितीही दमला असाल, आठवडाभर तरी यंत्र बंद राहणार असेल तर आत संरक्षक द्रव भरूनच झोपा. मेम्ब्रेनवर जिवाणूंचा थर बसायला तेवढे दिवस पुरतात.